कादंबरी नावाची मुलगी

ग्रंथालयाच्या खिडकीशी उभे राहून "एखादी चांगली कादंबरी द्या हो" असे म्हणणारा वाचक आपण एका मुलीचे नाव घेत आहोत हे क्वचितच ध्यानात घेतो. घेण्याचे कारणही नाही. शब्द इतका घासून गुळगुळीत झाला आहे की त्यावरचा मूळचा चेहरा पार पुसून गेला. बंगाली आणि हिंदी मंडळींनी या वाङ्मयप्रकाराला 'उपन्यास' म्हटले, गुजरात्यांनी 'नवलकथा' म्हटले, इंग्रजांच्या 'नॉव्हेल'मध्ये नवेपणाचा अर्थ आहे. एका नायिकेचे पाळण्यातले नाव उचलून साऱ्या प्रकाराला देण्याचे औदार्य फक्त मराठीने आणि कानडीने दाखवले. वनस्पती तुपाच्या कोणत्याही डब्याला आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षे 'डालडा' म्हणत आल्या, तसाच हा प्रकार. पहिला डबा इतका गाजला की पुढच्या सगळ्यांना त्याचेच नाव पडले.

तो पहिला डबा सातव्या शतकातला. कनोजच्या हर्षवर्धनाने ६०६ ते ६४७ या काळात राज्य केले, आणि त्याच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने 'हर्षचरित' आणि 'कादंबरी' हे दोन गद्यग्रंथ लिहिले. दोन्ही अपुरेच राहिले. 'कादंबरी' त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पुरी केली. हा इतिहास शाळेत सगळ्यांना सांगितला जातो. ग्रंथ मात्र हल्ली परीक्षेसाठी नेमलेल्या उताऱ्यापलीकडे कुणी वाचत नाही. बाणाच्या वाक्यांची लांबी हे त्याचे कारण सांगतात. वेबर या जर्मन पंडिताला ते गद्य म्हणजे हिंदुस्थानातले रान वाटले, ज्यात वाटसरूला झाडोरा तोडीत वाट काढावी लागते आणि मधेच अपरिचित शब्दांची श्वापदे अंगावर येतात. वेबरसाहेबांची गंमत वाटते ती अशी की रानात शिरणारा माणूस घाईत असला की त्याला फक्त काटेच दिसायचे. बाण घाईने वाचायचा लेखकच नव्हे.

त्याची नायिका तर वाचकाच्या सहनशीलतेची कसोटीच पाहते. जिच्या नावाचे पुस्तक, ती अर्ध्याहून अधिक पुस्तक सरले तरी दृष्टीस पडत नाही! आधी विदिशेचा राजा शूद्रक, त्याच्या दरबारात चांडाळकन्येने आणलेला बोलका पोपट, पोपटाने सांगितलेली आपली करुण हकीगत, त्या हकीगतीत जाबाली ऋषींनी सांगितलेली उज्जयिनीच्या चंद्रापीडाची हकीगत. चंद्रापीड किन्नरांच्या जोडप्याचा पाठलाग करीत अच्छोद सरोवराशी पोचतो आणि तिथे त्याला वीणा वाजवीत बसलेली शुभ्र तपस्विनी भेटते. ती महाश्वेता. मग तिची कहाणी. ती संपल्यावर कुठे समजते की हिची एक जिवलग मैत्रीण आहे, आणि महाश्वेता दुःखात असेतोवर आपण लग्न करायचे नाही असा पण ती करून बसली आहे. इतक्या दारांच्या आतल्या दालनात बसलेली ही कादंबरी. एका मैत्रिणीसाठी लग्न नाकारणारी मुलगी म्हणूनच तिची पहिली ओळख होते, आणि मला तर तिची हीच ओळख सर्वांत आवडते.

आता नावाकडे वळू. ही कथा मुळात बाणाची नव्हे. गुणाढ्याच्या बृहत्कथेतून ती आलेली, आणि अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितलेल्या तिच्या रूपात राजा वेगळा, पोपट वेगळा, आणि नायिकेचे नाव मकरंदिका. मकरंद म्हणजे फुलातला मध. गोड, निरुपद्रवी, कुणाच्याही बारशाला चालेल असे नाव. बाणाच्या नायिकेचे नाव मात्र कादंबरी, म्हणजे कदंबाच्या फुलांपासून काढलेली दारू. मधाच्या जागी मद्य! हे अजाणता झाले असे म्हणायला जागा नाही. कालिदासाची थोरवी बाणाने स्वतः गायिली आहे, आणि कालिदासाच्या 'शाकुंतला'त हा शब्द येतो तो कुठे? अंगठी सापडलेला तो गरीब कोळी राजाकडून बक्षीस मिळवतो, कोतवालाचा एकदम मित्र होतो, आणि ही नवी मैत्री कादंबरीच्या साक्षीने पक्की करावी म्हणून सारी मंडळी कलालाच्या दुकानाकडे निघतात. तिथे नायिका नाही, चंद्र नाही, सरोवर नाही. शिपाई आणि कोळी यांच्या तोंडचा तो शब्द आहे. त्याच्याही मागे गेले तर बलरामाची कथा लागते. वृंदावनातल्या एका कदंबाच्या ढोलीत वारुणी येऊन राहिली आणि तिच्या वासाने बलराम तिकडे ओढला गेला, असे विष्णुपुराण सांगते.

बाण एवढ्यावरच थांबला नाही. त्याने नायिकेच्या आईचे नाव मदिरा ठेवले. चित्ररथ गंधर्व बाप, मदिरा आई, मुलगी कादंबरी. उलट मैत्रिणीचे नाव महाश्वेता आणि तिच्या आईचे गौरी. एका घरात सगळा पांढरा रंग, दुसऱ्या घरात सगळी धुंदी. दोन मैत्रिणींचे स्वभाव, त्यांच्या कथांचे वळण, एकीचे तप आणि दुसरीचे तारुण्य, हे सारे बाणाने आधी नावांतच ठरवून टाकलेले आहे. महाश्वेतेचे वर्णन वाचताना डोळ्यांपुढे दूध, चांदणे, शंख, हंस येत राहतात. कादंबरीच्या महालात शिरताच रंग आणि गलबला सुरू होतो. मुलगा भूषण बापाचा ग्रंथ हाती घेताना म्हणतो की कादंबरीच्या रसाने सारे जग असे मत्त झाले आहे की कुणाला कशाचे भानच उरले नाही, तेव्हा माझे नीरस बोल खपून जातील. हा श्लेष बापाच्याच नावावर केलेला, आणि तो कळायला दारूचा अर्थ जागा असावा लागतो. पुढच्या रसिकांनी तर कादंबरीची गोडी लागलेल्याला जेवणही गोड लागत नाही असेही म्हणून ठेवले.

पण शब्दकोश उघडला तर दारूपाशीच सगळे संपत नाही. कोकिळेची मादी, सारिका, सरस्वतीचे एक नाव, असे अर्थ पाठोपाठ येतात. त्यांत एक अर्थ असा आहे की तो वाचून मी कोश मिटून थोडा वेळ बसले होते: कदंब ऐन फुलावर असताना त्याच्या ढोलीत साचलेले पावसाचे पाणी. कदंब फुलतो तो पावसाळ्यात. पिवळ्या-केशरी चेंडूंसारखी फुले, खाली टपटपणारा सडा, आणि खोडाच्या खोबणीत साठलेले, फुलांचा वास लागलेले पाणी. वारुणी ढोलीत येऊन राहिली या कथेचे मूळ कदाचित त्या पाण्यातच असेल. मला विचाराल तर दारूपेक्षा हा अर्थ कादंबरीला अधिक शोभतो. साचलेले, झाकलेले, वाट पाहणारे पाणी. पुढे तिच्या नशिबी जे आले ते पाहिले की हे पटेल.

या झाडाने आपल्या मुलखाला नावांच्या बाबतीत पुष्कळ दिले आहे. कदंबाचा मराठीत कळंब झाला आणि त्या नावाची गावे यवतमाळकडेही आहेत, धाराशिवकडेही. कदंब राजघराण्याने आपले नाव घराजवळच्या कदंबावरून घेतले, आणि गोव्यात आज सरकारी बसगाड्यांवर तेच नाव धावते आहे. राजांना चालले, गावांना चालले, मोटारींना चालले. मुलीला मात्र हे नाव ठेवायला लोक कचरतात.

का बरे? नेहमीचे उत्तर असे की वस्तूचे नाव माणसाला कसे द्यायचे? हे उत्तर टिकत नाही. आपल्याकडे घरोघरी कविता आहेत. ऋचा आहेत, श्रुती आहेत, गीता आहेत, संहिता आहेत. आर्या तर छंदाचेच नाव. साहित्यातल्या निम्म्या गोष्टी पाळण्यात झोके घेऊन गेल्या. मग कवितेला जे साधले ते कादंबरीला का साधू नये? मला याचे कारण कोशात सापडले नाही, माजघरात सापडले. मराठी घरांत कविता ही कौतुकाची गोष्ट होती, आणि 'कादंबऱ्या वाचते' हा आरोप होता. उशीखाली पुस्तक सापडले, दूध उतू गेले, परीक्षेत गणित राहिले, स्थळाला नकार दिला, की खापर कादंबरीच्या माथ्यावर. 'कादंबऱ्या वाचून डोके फिरलेय' हे वाक्य ज्या पिढीच्या मुलींनी ऐकले, त्या आया झाल्यावर मुलीला तेच नाव कशा ठेवणार? दारूचा अर्थ जाणणारे संस्कृतज्ञ तरी असे किती? लोकांना खरी भीती होती ती दुसऱ्याच नशेची.

तरी अलीकडे हे नाव अधूनमधून कानी पडते. दोन अक्षरी नावांच्या या दिवसांत चार अक्षरांचे, जोडाक्षर नसलेले आणि तरी भारदस्त नाव हवे असणारे आईबाप असतात. आमच्याच घरात हा प्रसंग आला. मुलाला मुलगी झाली आणि नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणून माझ्या मुलीने 'कादंबरी' सुचवले. आमचे व्याही निवृत्त गृहस्थ, संस्कृताचे हौशी. ते वामन शिवराम आपट्यांचा कोश काखेत मारूनच आले.

"विहीणबाई, अहो हे दारूचे नाव आहे. नातीला हाक मारायची की गुत्त्याचा पत्ता सांगायचा?"

मी म्हटले, "त्याच कोशात माधवी काढा बरे."

त्यांनी पाने उलटली आणि गप्प झाले. माधवी हे त्यांच्या थोरल्या लेकीचे नाव, आणि कोशकारांनी वासंतीच्या वेलीशेजारी मधापासून केलेले पेयही त्या शब्दाच्या पदरी बांधलेले आहे. संस्कृतातली गोड नावे अशी अर्धीअधिक झिंगलेली असतात. खोल शिरू नये. मग जावईबापूंचा विनोद झाला की हिची दुसरी आवृत्ती कधी, धाकट्या दिराने 'खंड पहिला' म्हणून टाळी घेतली, आणि सुनेने शांतपणे विचारले, "आई, शाळेत मुली हिला चिडवतील का?" खरा प्रश्न तेवढाच होता. मी म्हटले, चिडवतील. आणि नाव बदलून दिले तरी चिडवतील. सून म्हणाली, मग राहू दे, पुढे कुणी हे नाव बदलू नये एवढे बघा.

तिने ते सहज म्हटले असेल, पण मला ते लागले. माझे स्वतःचे माहेरचे नाव चार अक्षरांचे होते. ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरे, तीन अक्षरांचे लिहिले गेले आणि पन्नास वर्षे मी त्याला ओ देते आहे. त्या वेळी कुणी विचारले नाही आणि विचारायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते. आज माझ्या जुन्या नावाने हाक मारणारे एकही माणूस उरलेले नाही. आपल्याकडच्या कर्तबगार बायकांची हीच तऱ्हा. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. बंगालमध्ये ठाकूरांच्या घरी तर सुनांची नावे बदलणे ही रीतच. रवींद्रनाथांची पत्नी भवतारिणी लग्नानंतर मृणालिनी झाली. आणि त्यांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांच्याशी १८६८ मध्ये, नऊ वर्षांची असताना, जिचे लग्न झाले त्या मुलीचे नाव इतिहासाला माहीत आहे ते कादंबरी देवी. चरित्रकार तिचे माहेरचे नाव मातंगिनी असे देतात. रवींद्रनाथांच्या बालपणाची सोबतीण, त्यांच्या कवितांची पहिली कठोर वाचक. १८८३ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांचे लग्न झाले आणि १८८४ च्या एप्रिलमध्ये तिने जीव दिला. पंचवीस वर्षांचीसुद्धा पुरती झाली नव्हती. तिच्याविषयी बंगालीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे चवीने लिहिलेले आहे. त्यात शिरण्याची मला इच्छा नाही. मात्र इतके मोठे आणि धुंद नाव सासरच्यांनी निवडून दिले, आणि त्या नावाच्या मुलीला स्वतःला काय म्हणायचे होते ते आज कुणालाच ठाऊक नाही, हे मनातून जात नाही.

याच रवींद्रनाथांनी १८७८ मध्ये मुंबईत एका मराठी मुलीला नाव दिले होते. विलायतेस जाण्यापूर्वी ते डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या घरी काही दिवस राहिले. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे आना तर्खड, हिने आपल्याला एक नाव द्या अशी मागणी केली आणि त्यांनी 'नलिनी' दिले. तिने ते मागून घेतले होते. मागितलेले नाव आणि लादलेले नाव यांतला फरक ज्यांना कळतो त्यांना जास्त सांगायला नको.

आपल्या वाङ्मयातही नावांचा असाच एक प्रवास आहे. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. नायिका यमुना, कुणाच्याही शेजारी राहणारी. पण लगेच १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला' आली, मागून रिसबुडांची 'मंजुघोषा'. ही सगळी गंधर्वनगरीतली नावे, बाणाच्या नायिकेच्या दूरच्या बहिणी. आणि संकटेही तशीच, सुटकाही तशीच. या प्रकाराला 'कादंबरी' हे नाव शोभत होते हे त्या काळापुरते खरे मानले पाहिजे. मग १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणुकी'तून येऊ लागली आणि नायिका पुन्हा यमू झाली. नावापेक्षाही मोठी गोष्ट अशी की ती आपली हकीगत आपणच सांगते. बाराशे वर्षांत झालेला हा पालट मला सगळ्या व्याख्यांपेक्षा मोलाचा वाटतो. मराठी कादंबरी केव्हा जन्मली यावर विद्वान भांडोत. मी तिचा जन्म यमूने 'मी' म्हटले तिथे धरते.

कारण बाणाच्या ग्रंथात नेमके हेच अडले होते. चंद्रापीडाला बापाचे बोलावणे येते, तो उज्जयिनीस परततो. मागे राहिलेली पत्रलेखा काही दिवसांनी येऊन कादंबरीचे मनोगत त्याला सांगू लागते. इतका वेळ लाजेने, सखीच्या आडून, पानाच्या विड्याआडून वागलेली नायिका इथे पत्रलेखेजवळ पहिल्यानेच मोकळी होते, आणि ती बोलत असतानाच बाणाची लेखणी थांबते. मृत्यूने ग्रंथ तोडला तो इथे. एखाद्या युद्धाच्या किंवा ऋतूच्या वर्णनात तोडला असता तर एवढे वाटले नसते.

मुलाने पुढचे वाक्य जोडले. भूषणभट्टाला नावे ठेवण्याची पंडितांत चढाओढ असते. बापाचा पल्ला त्याच्याजवळ नाही, हे उघड आहे. त्याने कथानकाची गाठ सोडवण्याची घाई केली. वैशंपायन महाश्वेतेच्या शापाने पोपट झाला, त्याच्या दुःखाने चंद्रापीडाचे हृदय फुटले, पोपट म्हणजे पुंडरीक, शूद्रक म्हणजे चंद्रापीड, चंद्रापीड म्हणजे साक्षात चंद्र, असे हिशेब तो भराभर चुकते करतो. पण एक जागा त्याला साधली आहे, आणि ती बापालाही साधती की नाही याची मला शंका आहे. कादंबरी हेमकूटाहून अच्छोदाच्या काठी येते ती प्रियकराला भेटायला, आणि समोर त्याचे प्रेत. ती मरायला निघते. त्या शरीराला तिचा हात लागतो तोच त्यातून एक तेज निघते आणि आकाशवाणी सांगते की हे शरीर जपून ठेव. सावित्रीला निदान यमाशी वाद घालता आला, वर मागता आले. हिला कुणाशी काही बोलायचे नाही. किती दिवस ते सांगितलेले नाही. ती रोज त्या देहाला न्हाऊ घालते, फुले वाहते, पाऊस येतो, थंडी येते, शरीर कोमेजत नाही आणि हलतही नाही. भूषणाचे गद्य इथे अलंकार विसरून साधे होते. दिवाळीच्या सुटीत कुणाला हा ग्रंथ भाषांतरातून वाचायचा असेल, तर सुरुवात महाश्वेतेच्या वीणेपासून करावी. मात्र या जागेपर्यंत यावेच. वसंतात, मदनोत्सवाच्या दिवशी, ती त्या देहाला मिठी मारते आणि तो डोळे उघडतो. डोळे उघडल्यावर चंद्रापीड पुष्कळ बोलतो. कोण कुणाचा अवतार ते सगळे तोच समजावून सांगतो. कादंबरी ऐकून घेते.